प्रथिनाची द्वितीयक रचना संगणकाने कशी ओळखायची: फाइल उघडण्यापासून अहवालातल्या वाक्यापर्यंत

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात बायोटेक आणि बायोइन्फर्मॅटिक्स शिकणारी मुलं भरपूर आहेत. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्प गळ्यात पडतो आणि सर सांगतात, "त्या प्रथिनाची सेकंडरी स्ट्रक्चर काढून आण." म्हणजे द्वितीयक रचना: साखळी कुठे स्प्रिंगसारखी गुंडाळली आहे (हेलिक्स) आणि कुठे ताणलेले तुकडे (स्ट्रँड) शेजारीशेजारी येऊन पत्रा (शीट) झाला आहे, ते. मग कुठल्यातरी संकेतस्थळावर अनुक्रम (अमिनो आम्लांची ओळ) चिकटवायचा, आलेलं रंगीत चित्र अहवालात डकवायचं आणि खाली लिहायचं: 'हेलिक्स ३८ टक्के, शीट २१ टक्के'. हे आकडे कशाने काढले, कशावरून काढले, कोणत्या नियमाने मोजले, याचा पत्ता नाही. बाहेरून आलेले परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

ऐरोलीत माझ्या घरी सुट्टीच्या दिवशी अशी दोन-चार मुलं लॅपटॉप घेऊन येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय. अमिनो आम्लं माहीत आहेत आणि पायथन थोडंफार येतं, एवढं मी गृहीत धरतो.

आधी ठरवा: ओळखायचं आहे की भाकीत करायचं आहे

दोन वेगळ्या कामांना लोक सर्रास एकच नाव देतात. पहिल्या कामात प्रथिनाची त्रिमितीय रचना हातात असते. क्ष-किरण स्फटिकशास्त्र, एनएमआर किंवा क्रायो-ईएम अशा प्रयोगातून मिळालेले प्रत्येक अणूचे एक्स, वाय, झेड निर्देशांक असतात आणि त्यातून हेलिक्स कुठे, स्ट्रँड कुठे हे ओळखायचं असतं. दुसऱ्या कामात हातात फक्त अनुक्रम असतो आणि अंदाज बांधायचा असतो. पहिल्यात चूक झालीच तर ती व्याख्येची किंवा फाइलची असते. दुसऱ्यात भाकीतच चुकू शकतं.

म्हणून आपल्या प्रथिनाची रचना प्रोटीन डेटा बँकेत (पीडीबी, प्रथिनांच्या रचनांचा साठा) आहे का, हे सगळ्यात आधी पाहा. रचना असताना तिच्याकडे पाठ फिरवून अनुक्रमावरून भाकीत करत बसणारे अहवाल मी पाहिले आहेत. हातात सातबारा असताना जमिनीचं क्षेत्रफळ शेजाऱ्याला विचारण्यातला प्रकार आहे हा.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रेसिड्यू म्हणजे साखळीत गुंफलेलं एक अमिनो आम्ल. 'हा रेसिड्यू हेलिक्समध्ये आहे' असं कोणत्याही अणूवर लिहिलेलं नसतं. आपण अंतरं मोजतो, कोन मोजतो, हायड्रोजन बंध मोजतो आणि त्यावर एक व्याख्या लावतो. व्याख्या बदलली की उत्तर बदलतं. जुन्या पीडीबी फाइलींच्या डोक्यावर हेलिक्स आणि शीटच्या ओळी असतात खऱ्या, पण त्याही कोणीतरी, कोणत्यातरी पद्धतीने भरलेल्या असतात. त्या तशाच उचलू नका.

हात बसवायला युबिक्विटिन घ्या. डेटा बँकेतला क्रमांक १यूबीक्यू, ७६ रेसिड्यूंची एकच चेन (साखळी), १.८ अँगस्ट्रॉम (मीटरचा हजार कोटीवा भाग) रिझोल्यूशन (आकडा लहान तितकं चित्र स्पष्ट), रचना १९८७ साली प्रसिद्ध झालेली. फाइल इतकी लहान की मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही लगेच उतरते. आणि एवढ्याशा प्रथिनात अल्फा हेलिक्स, थ्री-टेन हेलिक्स, समांतर (एकाच दिशेने जाणारे) स्ट्रँड, प्रतिसमांतर (उलट दिशांनी जाणारे) स्ट्रँड, सगळं सापडतं. पुढची बहुतेक उदाहरणं यावरच.

फाइल उघडून आत डोकवा

कोणताही प्रोग्रॅम चालवण्याआधी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. जुनं पीडीबी स्वरूप डोळ्यांनी वाचायला सोपं आहे, पण काम करायला आता एमएमसीआयएफ स्वरूपच घ्या. मोठ्या रचना जुन्या स्वरूपात मावतच नाहीत आणि नवी साधनंही एमएमसीआयएफ गृहीत धरून चालतात.

आत पाहायच्या गोष्टी अशा. चेन किती आहेत? एनएमआरची रचना असेल तर मॉडेल किती आहेत? वीस मॉडेल असतील तर बहुतेक प्रोग्रॅम गुपचूप पहिलं उचलतात, आणि ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. एकाच अणूच्या दोन पर्यायी जागा दिल्या आहेत का? असतील तर एकच ठेवा, नाहीतर एका रेसिड्यूला दोन ऑक्सिजन मिळतील आणि बंधांची मोजणी बिघडेल. सेलेनोमिथिओनीन आहे का? स्फटिकशास्त्रज्ञ मिथिओनीनच्या जागी ते मुद्दाम घालतात आणि फाइलमध्ये त्याची नोंद इतर पाहुण्या रेणूंच्या यादीत जाते. 'पाणी आणि लिगँड (प्रथिनाला चिकटलेले लहान रेणू) काढून टाक' असा आदेश डोळे झाकून दिलात तर हेही रेसिड्यू उडतात आणि हेलिक्सच्या ऐन मध्यात भोक पडतं.

गाळलेले रेसिड्यू हा सगळ्यात छळणारा प्रकार. प्रथिनाचा जो भाग स्फटिकात हलता असतो, त्याचे निर्देशांक मिळत नाहीत. अनुक्रमात तो भाग असतो, अणूंच्या यादीत नसतो. तुम्ही अनुक्रम एकीकडून घेतलात आणि द्वितीयक रचनेची ओळ दुसरीकडून, तर पहिल्या खिंडारापुढचं सगळं सरकतं. दोन ओळींची लांबी मोजून पाहा. जुळत नसेल तर पुढे जाऊच नका. जुळवणी नेहमी चेन आणि रेसिड्यूचा क्रमांक धरून करा, ओळीतल्या जागेवरून नाही. काही फाइलींमध्ये ५२, ५२ए, ५२बी असेही क्रमांक येतात. तिथे नुसत्या पूर्णांकावर विसंबलेला स्क्रिप्ट हमखास आपटतो.

चेनचा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. एचआयव्हीचं प्रोटिएझ हे एंझाइम दोन सारख्या चेनच्या जोडीने काम करतं. दोन्ही चेनची सुरुवातीची आणि शेवटची टोकं एकत्र येऊन चार स्ट्रँडची एक प्रतिसमांतर शीट होते. 'मला एकच चेन पुरे' म्हणून दुसरी काढून टाकलीत, तर या शीटमधले जे बंध एका चेनकडून दुसरीकडे जातात ते नाहीसे होतात आणि टोकाचे रेसिड्यू लूप (ना हेलिक्स, ना स्ट्रँड) म्हणून मोजले जातात. प्रोग्रॅम काहीच तक्रार करत नाही. तेव्हा आधी पूर्ण जैविक जोडणीवर मोजणी करा आणि मग हवी ती चेन वेगळी काढा.

हायड्रोजन बंध स्वतः मोजा, निदान एकदा

हायड्रोजन बंधांवरून द्वितीयक रचना ओळखणारी डीएसएसपी ही पद्धत वोल्फगांग काब्श आणि ख्रिस सँडर यांनी १९८३ साली मांडली. आजही बाकी सगळ्या पद्धती तिच्याशी ताडून पाहिल्या जातात. ती तयार मिळते, पण एकदा तरी तिचा गाभा स्वतः लिहून बघा. साठ-सत्तर ओळींचं पायथन पुरतं आणि त्यानंतर उत्तराकडे बघण्याची नजरच बदलते.

पहिली अडचण: क्ष-किरणांच्या बहुतेक रचनांत हायड्रोजनचे अणू दिसत नाहीत. मग बंध मोजायचा कसा? डीएसएसपी हायड्रोजन स्वतः बसवते. पेप्टाइड बंध सपाट असतो, त्यामुळे नायट्रोजनवरचा हायड्रोजन मागच्या रेसिड्यूच्या कार्बन-ऑक्सिजन बंधाच्या बरोबर उलट दिशेला असतो. मागच्या रेसिड्यूच्या ऑक्सिजनकडून कार्बनकडे जाणारा सदिश घ्या, त्याची लांबी १ अँगस्ट्रॉम करा आणि तो नायट्रोजनच्या निर्देशांकात मिळवा. झाला हायड्रोजन. चेनच्या पहिल्या रेसिड्यूला मागचा शेजारी नाही, म्हणून तो सोडा. प्रोलीनच्या नायट्रोजनवर हायड्रोजनच नसतो, म्हणून तोही सोडा. युबिक्विटिनमध्ये १९, ३७ आणि ३८ या जागी प्रोलीन आहे. या तीन जागी तुमच्या प्रोग्रॅमने बंध देणारा दाखवला तर समजा, कुठेतरी माशी शिंकली आहे.

आता ऊर्जा. कार्बन आणि ऑक्सिजनवर ०.४२ इतका अंशभार, नायट्रोजन आणि हायड्रोजनवर ०.२० इतका, आणि एककं जुळवायला ३३२. तिघांचा गुणाकार सुमारे २७.९. सूत्र असं:

ऊर्जा = २७.९ × (१/ओएन + १/सीएच − १/ओएच − १/सीएन)

इथे ओएन म्हणजे ऑक्सिजन ते नायट्रोजन हे अंतर, सीएच म्हणजे कार्बन ते हायड्रोजन, आणि बाकीचीही तशीच, सगळी अँगस्ट्रॉममध्ये. उत्तर किलोकॅलरी प्रति मोलमध्ये येतं. ते उणे ०.५ पेक्षा खाली गेलं तर बंध आहे असं मानायचं.

कागदावर एक करून पाहू. चारही अणू एका सरळ रेषेत आहेत असं धरा: कार्बन, मग १.२३ वर ऑक्सिजन, तिथून २.९ वर नायट्रोजन, आणि नायट्रोजनच्या अलीकडे १ वर हायड्रोजन. मग ओएन २.९, ओएच १.९, सीएच ३.१३ आणि सीएन ४.१३. व्यस्त घेतले तर ०.३४५, ०.५२६, ०.३१९ आणि ०.२४२. कंसातली बेरीज-वजाबाकी उणे ०.१०४, आणि २७.९ ने गुणून उत्तर उणे २.९. हा उत्तम बंध.

आता तीच रेषा ठेवून नायट्रोजन दूर न्या. ओएन ३.५ केलं तरी उणे १.६ येतं. ५ अँगस्ट्रॉमवर नेलं तरी उणे ०.५४! म्हणजे ५ अँगस्ट्रॉमवरही, रेषा सरळ असेल तर, डीएसएसपीच्या लेखी बंध आहे. रसायनशास्त्राच्या पुस्तकातला हायड्रोजन बंध इतका लांब कधीच नसतो. मुलं इथे दचकतात. पण मर्यादा मुद्दामच ढिली ठेवली आहे. एकट्यादुकट्या बंधाला इथे किंमत नाही, बंधांची नक्षी जुळली तरच काही ठरतं. रांगोळीचे ठिपके थोडे सैल पडले तरी चालतात, रेघा कोणत्या ठिपक्यांतून जातात ते महत्त्वाचं.

प्रोग्रॅम लिहिताना ७६ रेसिड्यूंसाठी सगळ्या जोड्या तपासल्या तरी क्षणात होतं. मोठ्या रचनेसाठी आधी अल्फा कार्बनमधलं अंतर पाहा आणि ते ९ अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त असेल तर ती जोडी सोडून द्या. डीएसएसपीही तेच करते.

बंधांवरून नक्षी

क्रमांक आयच्या रेसिड्यूचा ऑक्सिजन आय+४ च्या हायड्रोजनशी बांधला गेला, तर आयपाशी चारचं वळण आहे असं म्हणायचं. अशी दोन वळणं लागोपाठच्या रेसिड्यूंवर आली की हेलिक्स सुरू होते. चारच्या वळणांची ती अल्फा हेलिक्स, तिचं अक्षर एच. तीनच्या वळणांची थ्री-टेन, अक्षर जी. पाचच्या वळणांची पाय हेलिक्स, अक्षर आय (रेसिड्यूच्या क्रमांकाचा आय वेगळा). आदर्श अल्फा हेलिक्समध्ये एका वेढ्यात ३.६ रेसिड्यू आणि प्रत्येक रेसिड्यूमागे दीड अँगस्ट्रॉमची चढण असते. पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी १९५१ साली ही हेलिक्स कागदावर मांडली, तेव्हा एकाही प्रथिनाची अणुरचना कोणी पाहिलेली नव्हती.

मेख आहे ती कडांवर. डीएसएसपीच्या नियमानुसार लागोपाठची वळणं आय−१ आणि आयवर असतील, तर अक्षर आयपासून आय+३ पर्यंतच लागतं. युबिक्विटिनची मोठी हेलिक्स २३ ते ३४ अशी येते. म्हणजे पहिलं वळण २२ वर आहे: २२ व्या थ्रिओनीनचा ऑक्सिजन २६ व्या व्हॅलीनच्या हायड्रोजनला धरतो. शेवटचं वळण ३१ वर आहे, त्याचा बंध ३५ व्या ग्लायसीनकडे जातो. थ्रिओनीन आणि ग्लायसीन दोघेही हेलिक्सच्या बंधांत सामील, पण दोघांनाही एच मिळत नाही. डोळ्यांनी चित्र पाहून १४ मोजणारा आणि डीएसएसपी वाचून १२ सांगणारा, दोघेही आपापल्या जागी बरोबर. भांडण लागतं ते टोकांवर, मधल्या भागावर कोणाचा वाद नसतो. म्हणून हेलिक्सच्या टोकावरच्या एखाद्या म्युटेशनबद्दल लिहिणार असाल, तर कोणती पद्धत वापरली ते त्याच वाक्यात लिहा.

शीटची नक्षी जरा किचकट आहे. दोन रेसिड्यू आय आणि जे. आयचा ऑक्सिजन जेच्या हायड्रोजनला आणि जेचा आयच्या, असे दोन्ही बंध असतील तर प्रतिसमांतर पूल. प्रतिसमांतराची दुसरी तऱ्हा म्हणजे आय−१ चा ऑक्सिजन जे+१ कडे आणि जे−१ चा आय+१ कडे. समांतर पुलात आय−१ चा ऑक्सिजन जेकडे आणि जेचा आय+१ कडे जातो, किंवा हेच आय-जे उलटे करून. एकटा पूल असेल तर अक्षर बी. पूल लागोपाठ आले की शिडी होते आणि अक्षर ई. स्ट्रँडमध्ये एखादा रेसिड्यू फुगवटा काढून बाहेर आला असेल तर डीएसएसपी तो पोटात घेऊन शिडी अखंड मानते. तुमच्या घरच्या प्रोग्रॅममध्ये हा फुगवट्याचा नियम नसेल तर स्ट्रँड तुटलेले दिसतील. सुरुवातीला दिसू द्या, काही बिघडत नाही.

उरलेली अक्षरं: एकट्या वळणाला टी, साखळी ७० अंशांहून जास्त वाकली तर एस, आणि कशातच न बसणाऱ्याला रिकामी जागा.

आता खरा प्रोग्रॅम चालवा

डीएसएसपी लिनक्सवर कोंडाने (प्रोग्रॅम बसवून देणारं साधन) सहज बसते. कॉलेजच्या लॅबमध्ये बहुधा विंडोजच असतं, तिथे डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) चालू करून घ्या. इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर पीडीबी-रीडूच्या संकेतस्थळावर फाइल चढवली तरी चालते. पायथनमध्ये बायोपायथन ही लायब्ररी हा प्रोग्रॅम बाहेरून चालवून उत्तर वाचते. एमडीट्रॅज ही लायब्ररी मात्र तोच हिशेब स्वतःच करते, त्यामुळे सिम्युलेशनच्या (संगणकावर चालवलेल्या अणूंच्या हालचालीच्या) हजारो फ्रेमसाठी ती सोयीची.

आवृत्ती लिहून ठेवा, हे मी दरवेळी बजावतो आणि दरवेळी कोणीतरी विसरतं. जुन्या डीएसएसपीत अल्फा हेलिक्सला पाय हेलिक्सपेक्षा अग्रक्रम होता, त्यामुळे पाय हेलिक्स जवळजवळ दिसायचीच नाही. नंतरच्या आवृत्त्यांत क्रम बदलला आणि त्याच जुन्या रचनांमध्ये पाय हेलिक्सचे तुकडे दिसू लागले. चौथ्या आवृत्तीत पॉलिप्रोलीन हेलिक्ससाठी पी हे नवं अक्षर आलं. आठच अक्षरं धरून लिहिलेला जुना स्क्रिप्ट इथे अडखळतो. मॉडेलिंगच्या प्रोग्रॅममधून जतन केलेल्या, डोकं उडवलेल्या पीडीबी फाइलींवरही नवी आवृत्ती कधी कधी रुसते. फाइल एमएमसीआयएफमध्ये बदलून घेतली की बहुधा काम होतं.

उत्तर आलं की तुमच्या हातच्या प्रोग्रॅमशी ताडून पाहा. युबिक्विटिनमध्ये २३ ते ३४ एच, ३८ ते ४० जी, ५७ ते ५९ जी आणि पाच स्ट्रँड दिसायला हवेत. कडेचा एखादा रेसिड्यू इकडेतिकडे झाला तर घाबरू नका. सगळी हेलिक्सच गायब असेल, तर हायड्रोजन उलट्या दिशेला बसवला आहे की काय ते आधी पाहा. दहापैकी नऊ वेळा तेच निघतं.

आठाचे तीन करताना

अहवालात साधारणपणे तीनच वर्ग लागतात: हेलिक्स, स्ट्रँड, कॉइल (उरलेलं सगळं). आठ अक्षरं तीनांत कशी बसवायची याच्या दोन रीती चालू आहेत. एकीत एच, जी, आय ही सगळी हेलिक्स आणि ई, बी हे स्ट्रँड. दुसरीत फक्त एच ती हेलिक्स, फक्त ई तो स्ट्रँड, बाकी सगळं कॉइल.

फरक किती पडतो ते बघा. युबिक्विटिनमध्ये एच १२ आणि जी ६. दुसऱ्या रीतीने हेलिक्स १२ भागिले ७६, म्हणजे १५.८ टक्के. पहिल्या रीतीने १८ भागिले ७६, म्हणजे २३.७ टक्के. प्रथिन तेच, फाइल तीच, प्रोग्रॅम तोच. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, मग यातलं खरं कुठलं?" म्हटलं, अगं, दोन्ही खरं. पण अहवालात एकच लिही, आणि कुठल्या रीतीने काढलंस तेही लिही. सीडी (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणावरून रचनेचा अंदाज देणारा प्रयोग) स्पेक्ट्रमच्या आकड्यांशी तुलना करणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. पंधरा आणि चोवीस यांतला जो सोयीचा पडेल तो उचलायचा मोह होतोच.

दुसऱ्या डोळ्याने तपासणी

हायड्रोजन बंधांचा पुरावा एकीकडे, कोनांचा दुसरीकडे. जी. एन. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ साली मद्रासमधून फाय-साय कोनांचा (अल्फा कार्बनच्या दोन बाजूंच्या बंधांभोवती साखळीला पडलेले पीळ) जो नकाशा मांडला, तो आज जगभर रोज वापरला जातो. अल्फा हेलिक्सचे रेसिड्यू फाय उणे ६० आणि साय उणे ४५ च्या आसपास गोळा होतात. स्ट्रँडचे फाय उणे १२०, साय १३० च्या आसपास, बऱ्यापैकी विखुरलेले. डीएसएसपीने एच दिलेले रेसिड्यू या नकाशावर टाका. एखादा भलतीकडे पडला तर तिथली रचनाच संशयास्पद असू शकते, विशेषतः रिझोल्यूशन ३ अँगस्ट्रॉमच्या आसपास असेल तर.

कोन काढताना दोन खाचखळगे आहेत. आर्ककोसाइन वापरलंत तर चिन्ह हरवतं, म्हणून दोन घटक घेणारं आर्कटॅन वापरा. आणि कोनांची साधी सरासरी काढू नका. १७९ आणि उणे १७९ हे खरं तर दोन अंशांवरचे शेजारी, पण त्यांची साधी सरासरी शून्य येते. स्ट्रँडच्या साय कोनांबाबत हे वारंवार घडतं.

उलट बाजूने, नुसत्या कोनांवरून निर्णय करू नका. लूपमधला एखादा एकटा रेसिड्यूही उणे ६०, उणे ४५ वर सापडतो, म्हणून तो हेलिक्स होत नाही. बंध आणि कोन दोन्ही एकत्र धरणारी पद्धत हवी असेल तर फ्रिशमन आणि आर्गोस यांची १९९५ सालची स्ट्राइड आहे. स्ट्राइड आणि डीएसएसपी बहुतांश रेसिड्यूंवर एकमत असतात. मतभेद कुठे आहेत त्याची यादी काढा, ते बहुतेक सगळे टोकांवरच निघतील.

कमी रिझोल्यूशनच्या रचनेत कधी कधी फक्त अल्फा कार्बनच असतात. मग बंध मोजायला ऑक्सिजनच नाही. अशा वेळी अल्फा कार्बनमधली अंतरं पाहायची: एका कार्बनपासून पुढच्या तिसऱ्यापर्यंतचं अंतर हेलिक्समध्ये ५ ते ५.५ अँगस्ट्रॉम, ताणलेल्या स्ट्रँडमध्ये १० च्या जवळ. पी-सी ही पद्धत याच तत्त्वावर चालते. हेलिक्ससाठी ती भरवशाची आहे. स्ट्रँडच्या बाबतीत नुसतं ताणलेपण शीटचा पुरावा होत नाही, शेजारी दुसरा स्ट्रँड आहे का तेही पाहावं लागतं.

रचना नसेल तर

अनुक्रमावरून भाकीत करण्याचा इतिहास परीक्षेपुरता: चाऊ-फासमन १९७४, जीओआर १९७८, दोन्ही पद्धती साठ टक्क्यांच्या आगेमागे अडकलेल्या. १९९३ साली रोस्ट आणि सँडर यांच्या पीएचडी नावाच्या पद्धतीने (पदवी नव्हे) एका अनुक्रमाऐवजी नातेवाईक अनुक्रमांची मांडणी न्यूरल नेटवर्कला दिली आणि अचूकता सत्तरच्या पुढे गेली. १९९९ साली डेव्हिड जोन्स यांच्या साय-प्रेडने साय-ब्लास्टचे (नातेवाईक अनुक्रम शोधणारा प्रोग्रॅम) प्रोफाइल वापरून ती पंचाहत्तरच्या वर नेली. आता प्रथिनांच्या भाषा-मॉडेलांवर बांधलेली नेटसर्फपीसारखी साधनं तीन वर्गांत ८५ टक्क्यांच्या आसपास आहेत. चाऊ-फासमन अभ्यासक्रमात आहे म्हणून शिका, प्रकल्पात वापरू नका. आजच्या घडीला तिच्या उत्तरावर निष्कर्ष काढायला काहीच कारण नाही.

साय-प्रेड चालवताना नातेवाईक अनुक्रम किती सापडले ते आधी पाहा. भाकिताचं बळ तिथून येतं. दोन-तीनच सापडले असतील तर अचूकता घसरणार, हे गृहीत धरा. प्रत्येक रेसिड्यूखाली ० ते ९ असा विश्वासाचा अंक येतो. तो कापून टाकून फक्त रंगीत पट्ट्या अहवालात लावण्याची एक वाईट खोड पसरली आहे.

अचूकता क्यू-थ्रीने मोजतात: शंभरातले किती रेसिड्यू बरोबर. हा आकडा फसवा असू शकतो. समजा युबिक्विटिनच्या बारा रेसिड्यूंच्या हेलिक्समध्ये मधले दोन तुमच्या पद्धतीने कॉइल म्हटले. क्यू-थ्री ७६ पैकी दोनाने, म्हणजे २.६ टक्क्यांनी उतरेल. पण हेलिक्स एकाच्या दोन झाल्या, म्हणजे प्रथिनाचं चित्रच बदललं. म्हणून सलग तुकडे कितपत जुळतात ते मोजणारं एसओव्ही हे माप बरोबर द्या. आणि चाचणीचं प्रथिन किंवा त्याचा जवळचा नातेवाईक प्रशिक्षणात होता का, तेही तपासा. युबिक्विटिन प्रत्येकाच्या प्रशिक्षणात असणारच, त्यामुळे भाकीत पारखायला ते निरुपयोगी आहे.

अनुक्रमावरून पूर्ण त्रिमितीय रचनेचं भाकीत करणारं अल्फाफोल्ड आल्यापासून बरेच जण विचारतात, मग अनुक्रमावरून द्वितीयक रचनेचं वेगळं भाकीत करायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. अल्फाफोल्डच्या साठ्यात २० कोटींहून जास्त रचना आहेत. तुमचं प्रथिन त्यात असेल तर ती फाइल उतरवा आणि तिच्यावर डीएसएसपी चालवा. पण एक पाऊल गाळू नका. प्रयोगातून आलेल्या फाइलमध्ये ज्या रकान्यात बी-फॅक्टर असतो, तिथे अल्फाफोल्ड पीएलडीडीटी हा विश्वासाचा अंक ठेवतं. ७० च्या खालचे रेसिड्यू वेगळे काढा आणि त्यांना हेलिक्स-स्ट्रँडच्या टक्केवारीत धरू नका. ५० च्या खाली बहुधा शेवयांसारखी लोंबती साखळी असते. पण क्वचित तिथेही एखादी लांबलचक हेलिक्स काढलेली असते, आणि डीएसएसपी तिला इमानेइतबारे एच देऊन टाकते. डीएसएसपीला विश्वासाच्या अंकाशी काही देणंघेणं नाही.

अल्फाफोल्ड आणि साय-प्रेड यांचं उत्तर जुळलं म्हणून 'पडताळणी झाली' असं लिहू नका. दोन्ही भाकितंच, आणि दोन्हींचं खाद्य तेच: नातेवाईक अनुक्रम. पडताळणी हवी असेल तर प्रयोगाकडे जावं लागतं. त्यातल्या त्यात हाताशी असतो तो सीडी, जिथे २०८ आणि २२२ नॅनोमीटरच्या दोन खळग्यांवरून हेलिक्सचा अंदाज येतो. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग-संशोधन संस्थेत प्रकल्पाची संधी मिळाली तर शिफारसपत्राइतकंच अशा यंत्रावर हात बसवण्यालाही महत्त्व द्या.

अहवालात नेमकं काय लिहायचं

पद्धतीच्या प्रकरणात चार-पाच वाक्यं पुरतात, पण ती भरीव हवीत. उदाहरणार्थ: 'युबिक्विटिनची रचना, क्रमांक १यूबीक्यू, रिझोल्यूशन १.८ अँगस्ट्रॉम, एमएमसीआयएफ स्वरूपात घेतली. पर्यायी जागांपैकी पहिली ठेवली. द्वितीयक रचना डीएसएसपीच्या अमुक आवृत्तीने ओळखली. एच, जी, आय यांना हेलिक्स आणि ई, बी यांना स्ट्रँड धरलं. टक्केवारी निर्देशांक उपलब्ध असलेल्या ७६ रेसिड्यूंवर काढली आहे.' शेवटचं वाक्य सगळे गाळतात. गाळलेले रेसिड्यू असलेल्या प्रथिनात छेद कोणता घेतला यावर टक्केवारी दोन-चार अंकांनी सहज हलते.

टक्केवारीबरोबर पूर्ण अक्षर-ओळ परिशिष्टात द्या, अनुक्रमाच्या खाली, दहा-दहाच्या गटांत, एकाच रुंदीच्या फाँटमध्ये. प्रत्येक अक्षर आपल्या रेसिड्यूच्या बरोबर खाली यायला हवं, वर्डमध्ये ते सरकतं, म्हणून पीडीएफ काढून पुन्हा पाहा. सिम्युलेशन केलं असेल तर एका फ्रेमची ओळ देऊ नका. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर रेसिड्यू आणि रंगाने अक्षर असा तक्ता काढा. हेलिक्सच्या टोकाला एच आणि जी आलटून पालटून चमकताना दिसतील. ती बहुधा ०.५ च्या मर्यादेवरची ये-जा असते. तिला 'हेलिक्स उलगडली' म्हणण्याआधी त्या बंधाची ऊर्जा वेळेनुसार काढून पाहा, सूत्र वर दिलंच आहे.